तीन मिनिटांचा मुक्काम

आमच्या दुकानात डीप फ्रीजरच्या वर, भिंतीत ठोकलेल्या लोखंडी अँगलवर एक स्टॅबिलायझर होता. करड्या पत्र्याचा डबा, पुढच्या अंगाला काटा हलणारं मीटर, एक हिरवा दिवा, एक लाल. संध्याकाळी गावभर दिवे लागले की व्होल्टेज पडायचं आणि डब्यातून ‘टक्’ असा आवाज यायचा. रात्री पलीकडच्या पिठाच्या गिरण्या बंद झाल्या की व्होल्टेज चढायचं, परत ‘टक्’. मे महिन्यात तर संध्याकाळभर टक्-टक् चालू. दुकानात येणारी पोरं म्हणायची, तुमच्या फ्रीजरवर पाल बसलीय.

अण्णांचं दूध, दही आणि कुल्फीचं दुकान. गाव तालुक्याचं, साल २००६. महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं. लाइट जायची, यायची, आली की पाच मिनिटांत पुन्हा जायची. आणि लाइट आली तरी तो डबा फ्रीजरला लगेच वीज द्यायचा नाही. तीन मिनिटं नुसता लाल दिवा. मग टक्, हिरवा दिवा आणि कॉम्प्रेसरची घरघर. त्या तीन मिनिटांत अण्णा घड्याळाकडे बघत बसायचे आणि मी अण्णांकडे.

डब्याच्या मागे एक छोटा सरकता स्विच होता. एका बाजूला तीन मिनिटं, दुसऱ्या बाजूला सहा सेकंद. डबा बसवताना गावातल्या वायरमननं तो तीन मिनिटांवर ठेवून त्यावर काळी टेप चिकटवली होती आणि हात लावू नका म्हणून बजावलं होतं. मी नववीत होतो, विज्ञानात वर्गात पहिला. बाहेर बेचाळीस अंश तापमान असताना लाइट येऊनही तीन मिनिटं वाट बघणं मला शुद्ध मूर्खपणा वाटायचा. एका दुपारी अण्णा जेवायला घरी गेले तेव्हा मी स्टुलावर चढलो, टेप सोलली, स्विच सरकवला आणि टेप होती तशी चिकटवून टाकली.

दोन आठवडे सगळं झकास चाललं. मग एका लग्नाची चारशे कुल्फ्यांची ऑर्डर आली. आदल्या संध्याकाळी लाइटनं खेळ मांडला. सात-आठ वेळा गेली, आली. दर वेळी कॉम्प्रेसर सुरू होताना घशात काही अडकल्यासारखा ‘हंऽऽ’ करायचा आणि गप्प व्हायचा. शेवटी जळका वास आला. सकाळी चारशे कुल्फ्या मागच्या गटारात ओतल्या.

वायरमनला बोलावलं. त्यानं टेप काढून स्विच पाहिला आणि म्हणाला, “अण्णा, मी तीनवर ठेवला होता.” अण्णा म्हणाले, “बसवला तूच, टेप लावलीस तूच. मग काय भूत आलं का सरकवायला?” त्याची आधीची मजुरी बाकी होती, ती अण्णांनी दिली नाही. त्यानंतर त्याला आमच्याकडे कधी बोलावलंही नाही. मी दह्याच्या कुंड्यांपाशी उभा होतो. एक अक्षर बोललो नाही.

पुढे मी इंजिनिअर झालो, कंट्रोल सिस्टिम्समध्ये एम.टेक. केलं. तिथे एका दुपारी ग्रंथालयात एक प्रमेय वाचताना माझ्या कानात तो ‘हंऽऽ’ वाजला. तेव्हापासून त्या स्विचमागचा इतिहास मी जमेल तसा गोळा करतोय. तो साधारण दीडशे वर्षांचा आहे.

डब्यात नेमकं काय असतं

घरगुती स्टॅबिलायझरमध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या गुंडाळीतून वेगवेगळ्या ठिकाणी तारा बाहेर काढलेल्या असतात. व्होल्टेज कमी पडलं की रिले एका तारेवरून दुसरीवर उडी मारतो. तीच ती ‘टक्’. म्हणजे इथे दोन प्रकारच्या गोष्टी एकत्र नांदतात. व्होल्टेज, तापमान, गॅसचा दाब या सलग, नदीसारख्या बदलणाऱ्या गोष्टी. आणि रिले मात्र जिना. या पायरीवर किंवा त्या पायरीवर, मधे काही नाही.

नदी आणि जिना एकत्र आले की त्या यंत्रणेला हायब्रिड सिस्टिम म्हणतात. तिच्यात ठरावीक काही चाली असतील आणि यंत्रणा एका चालीवरून दुसरीवर उडी मारत असेल तर ती स्विच्ड सिस्टिम. तुमच्या बाइकचे गिअर, एसीचा थर्मोस्टॅट, मोबाइल चार्ज करणारा अडॅप्टर, विमानाचा ऑटोपायलट, सगळे या एकाच कुळातले.

या कुळाला दोन प्रश्न छळतात. उड्या मारत असताना यंत्रणा ठिकाणावर राहील ना? हा स्थिरतेचा प्रश्न. आणि कोणत्या क्षणी कोणती उडी मारली तर काम कमीत कमी वेळात किंवा खर्चात होईल? हा इष्टतम नियंत्रणाचा. माझ्या वयाच्या कुठल्याही हुशार पोराला दुसरा प्रश्न जास्त आवडतो. मीही त्याचंच उत्तर शोधायला स्टुलावर चढलो होतो.

खारकोव्हचा शिक्षक

पहिला प्रश्न जुना आहे. जेम्स वॉटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जायचे आणि वाफेची झडप मिटायची. वेग उतरला की गोळे आत यायचे, झडप उघडायची. पण काही इंजिनं त्यानं शांत होण्याऐवजी पिसाळायची. वेग वर-खाली, वर-खाली हेलकावत राहायचा. १८६८ मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेलनं गव्हर्नरवर एक निबंध लिहून दाखवलं की हे यंत्र कधी सावरेल आणि कधी बिथरेल हे समीकरणांवरून आधीच सांगता येतं.

खरी उडी मारली अलेक्सांद्र ल्यापुनोव्हनं. खारकोव्ह विद्यापीठात शिकवत असताना १८९२ मध्ये त्यानं गतीच्या स्थिरतेवरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्यातली कल्पना सांगायला एक वाटी आणि एक गोटी पुरते. वाटीच्या कडेवरून गोटी सोडा. ती कुठल्या वाटेनं घरंगळेल, किती फेऱ्या मारेल याचा हिशोब किचकट असतो. पण तिची ऊर्जा घर्षणानं सतत घटतेय एवढं कळलं तरी पुरे, गोटी शेवटी तळाशीच थांबणार. ल्यापुनोव्ह म्हणाला, समीकरणं सोडवत बसू नका. त्या यंत्रणेला साजेशी एक ‘वाटी’ शोधा, म्हणजे दर क्षणी घटत जाणारी एखादी राशी. ती सापडली की स्थिरता सिद्ध झाली.

त्याच्या आयुष्याचा शेवट मात्र सावरता आला नाही. पत्नी नताल्या क्षयानं आजारी म्हणून १९१७ मध्ये तो तिला घेऊन ओडेसाला गेला. १९१८ च्या ऑक्टोबरअखेर ती गेली. त्याच दिवशी त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि तीन दिवसांनी तोही गेला. त्याचा प्रबंध इंग्रजीत पूर्ण यायला १९९२ साल उजाडलं, म्हणजे बरोबर शंभर वर्षं. तो अनुवाद ए. टी. फुलर नावाच्या ब्रिटिश अभ्यासकानं केला. हे नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

पूर्ण गॅस, पूर्ण ब्रेक

आता दुसरा प्रश्न. समजा रिक्षा एका सिग्नलला उभी आहे. पुढच्या सिग्नलपर्यंत कमीत कमी वेळात जायचंय आणि तिथे बरोबर थांबायचंय. काय कराल? रस्ता मोकळा असेल तर उत्तर रिक्षावाल्याला ठाऊक असतं: पूर्ण गॅस, आणि मग योग्य क्षणी पूर्ण ब्रेक. मधलं काही नाही. सगळी अक्कल त्या एका क्षणात, म्हणजे गॅसवरून ब्रेकवर कधी यायचं यात. याला बॅंग-बॅंग नियंत्रण म्हणतात.

उद्दिष्ट बदललं की उत्तर बदलतं. लोकलच्या मोटरमनला वेळापत्रक सांभाळून वीजही वाचवायची असते. म्हणून तो वेग घेतल्यावर करंट तोडतो, गाडी नुसती वाहू देतो आणि मग ब्रेक लावतो. चाली वाढल्या, उड्या वाढल्या.

बॅंग-बॅंग नियंत्रण सुरुवातीला गरिबाचं नियंत्रण होतं. रिले स्वस्त आणि हलका. चालू किंवा बंद, एवढंच त्याला कळतं. महायुद्धाच्या काळात जर्मनीत क्षेपणास्त्रं वळवायला असे रिले हवे होते. त्यांचा गणिती अभ्यास तिथे इर्मगार्ड फ्ल्युगे-लोत्झ या बाईंनी सुरू केला. पुढे त्या अमेरिकेत आल्या आणि १९५३ मध्ये अशा तुटक नियंत्रणावर त्यांचं पुस्तक निघालं. स्टॅनफर्डमध्ये त्यांचे पती प्राध्यापक होते. या मात्र पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करत, नवे अभ्यासक्रम उभे करत, आणि पदानं व्याख्यात्याच. १९६० मध्ये त्या प्राध्यापक झाल्या. स्टॅनफर्डच्या इंजिनिअरिंग विभागातल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक.

प्रिन्स्टनमध्ये डोनाल्ड बुशॉ नावाच्या विद्यार्थ्यानं १९५२ च्या आपल्या प्रबंधात विचारलं: रिलेनंच काम करायचं असेल तर सर्वांत कमी वेळात पोहोचवणाऱ्या उड्या कोणत्या? काही साध्या यंत्रणांसाठी त्यानं उत्तर चक्क नकाशासारखं काढून दाखवलं. या रेषेच्या अलीकडे असाल तर गॅस, पलीकडे असाल तर ब्रेक.

आणि मग मॉस्को. लेव पॉन्त्र्यागिन चौदा वर्षांचा असताना स्टोव्हचा भडका उडून त्याची दृष्टी गेली. आई तात्याना शिवणकाम करायची. गणिताचं शिक्षण तिला नव्हतं. तिनं त्याला गणिताची पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवली. चिन्हांची नावं ठाऊक नसायची, तेव्हा ती दिसतात कशी ते सांगायची. त्या ऐकीव गणितावर मुलगा जगातल्या मोठ्या टोपॉलॉजिस्टांपैकी एक झाला. १९५५ मध्ये सोव्हिएत वायुदलाचे अधिकारी त्याच्या संस्थेत एक प्रश्न घेऊन आले: एका विमानानं दुसऱ्याला कमीत कमी वेळात कसं गाठावं? त्याचे सहकारी गामक्रेलिद्झे यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की पहिली निर्णायक कल्पना पॉन्त्र्यागिनला सलग तीन रात्री जागून सुचली. त्यातून बोल्त्यान्स्की आणि गामक्रेलिद्झे यांच्यासह उभं राहिलं ते ‘मॅक्सिमम प्रिन्सिपल’.

सोप्या भाषेत ते असं. संपूर्ण प्रवासाचा विचार एकदम करू नका. प्रवासाबरोबर एक सावलीसारखा हिशोब चालू ठेवा. आत्ताच्या क्षणाची पुढे किती किंमत पडणार आहे हे ती सावली सांगत राहते. दर क्षणी त्या हिशोबात सर्वांत फायद्याची असेल ती चाल निवडा. वेळ वाचवण्याच्या पुष्कळ प्रश्नांत ही सर्वांत फायद्याची चाल टोकाचीच निघते. पूर्ण गॅस किंवा पूर्ण ब्रेक. रिक्षावाल्याचं शहाणपण आता प्रमेय झालं होतं.

अनंत टक्-टक्

१९६० मध्ये मॉस्कोत स्वयंचलित नियंत्रणाची पहिली जागतिक परिषद भरली. शीतयुद्ध ऐन भरात असताना दोन्हीकडचे लोक एका छताखाली आले. पॉन्त्र्यागिनच्या गटाचा निबंध तिथे होता. फ्ल्युगे-लोत्झ अमेरिकेकडून आल्या होत्या. आणि तिथेच फुलरनं, त्याच ल्यापुनोव्हच्या अनुवादकानं, एक विचित्र गोष्ट मांडली.

त्यानं उद्दिष्ट थोडंसं बदललं. कमीत कमी वेळ मोजण्याऐवजी, ठरलेल्या जागेपासून झालेल्या चुकीच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवायची. प्रश्न तितकाच साधा. उत्तर मात्र असं निघालं की आदर्श नियंत्रकानं आधी एक उडी मारावी, मग जरा लवकर दुसरी, मग आणखी लवकर तिसरी. अंतरं इतक्या वेगानं आकसत जातात की ठरावीक वेळेच्या आत अनंत उड्या मारून होतात. टाळी वाजवत वाजवत तुम्ही इतका वेग घेतलात की शेवटी टाळ्यांचा नुसता सूं आवाज उरला, असं काहीतरी.

कागदावर हे सर्वोत्तम. पण खऱ्या रिलेला हे सांगितलं तर तो जळेल. संपर्काच्या पट्ट्या दर टक्-ला झिजतात, ठिणग्या उडतात. त्याच सुमाराला मॉस्कोतच येमेल्यानोव्ह आणि नंतर उत्किन यांनी या वेगवान उड्यांचाच उपयोग करून घेणारी ‘स्लायडिंग मोड’ पद्धत उभारली. यंत्रणेला एका रेषेवर आणायचं आणि दोन चालींमध्ये झपाझप उड्या मारत त्या रेषेवरून घसरत न्यायचं. पद्धत भक्कम, बाहेरच्या धक्क्यांना दाद न देणारी. पण तिच्याही पाचवीला एक दुखणं पुजलेलं होतं, थरथर. इंजिनिअर त्याला चॅटरिंग म्हणतात.

म्हणजे वीस-पंचवीस वर्षं सगळ्यांनी विचारलं, ‘उडी कधी मारू?’ आणि गणितानं सांगितलं, ‘आत्ता. आणि लगेच पुन्हा.’ थांबण्याची बाजू मांडायला अजून कोणी आलं नव्हतं.

दोन खिसे

१९६६ मध्ये हान्स विट्सेनहाउझेननं सलग आणि तुटक दोन्ही स्थिती असलेल्या यंत्रणांवर एक निबंध लिहिला. ‘हायब्रिड’ हा शब्द त्याच्या शीर्षकातच होता. पण विषयाला बहर आला तो १९९० च्या दशकात, यंत्रांच्या पोटात कॉम्प्युटर शिरल्यावर. आता उड्या रिले मारत नव्हता, सॉफ्टवेअर मारत होतं, आणि सॉफ्टवेअरला ठिणग्यांचं भय नसतं. तेव्हा एक जुना गैरसमज उघडा पडला.

गैरसमज असा, की प्रत्येक चाल एकेकटी सुरक्षित असेल तर त्यांच्यातली अदलाबदलही सुरक्षितच. ऐकायला किती बरोबर वाटतं. आता फोनवर वाचताय तर तिथेच हिशोब करून बघा.

दोन खिसे. उजव्यात १ रुपया, डाव्यात १ रुपया. पहिला नियम: डाव्या खिशातल्या पैशांची दुप्पट उजव्यात ठेवा, उजव्यातलं आधीचं आणि डाव्यातलं सगळं विसरा. एकदा केलं: उजव्यात २, डाव्यात ०. पुन्हा तोच नियम: डाव्यात शून्य, त्याची दुप्पट शून्य. दोन्ही खिसे रिकामे. म्हणजे हा नियम यंत्रणेला शांत करणारा. दुसरा नियम नेमका उलटा: उजव्याची दुप्पट डाव्यात, बाकी विसरा. तोही दोनदा केला की सगळं शून्य. दोन्ही नियम सज्जन.

आता आलटून पालटून लावा. पहिला: उजव्यात २. दुसरा: डाव्यात ४. पहिला: उजव्यात ८. दुसरा: डाव्यात १६. वीस फेऱ्यांनंतर १०,४८,५७६. दोन सज्जनांच्या अदलाबदलीतून स्फोट.

उलटही होतं. एक नियम उजवा खिसा दुप्पट करतो आणि डावा चौथाई. दुसरा डावा दुप्पट करतो, उजवा चौथाई. कुठलाही एकच धरून बसलात तर एक खिसा फुगत राहणार. पण आलटून पालटून लावलेत तर दर दोन फेऱ्यांनी दोन्ही खिसे अर्धे. ८ आणि ८ चे ४ आणि ४, मग २ आणि २. दोन बिघडलेल्या चाली, आणि त्यांच्या क्रमानं आलेली शांतता.

स्थिरता चालीत नसते, चालींच्या क्रमात आणि वेळेत असते. १९९० च्या दशकात मायकेल ब्रानिकी आणि इतरांनी ल्यापुनोव्हची वाटी या अंगानं पुन्हा घडवली. प्रत्येक चालीला तिची स्वतःची वाटी. गोटी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत पडताना उंच पडली तरी एक वेळ चालेल. पण त्याच वाटीत ती पुन्हा परतेल तेव्हा गेल्या खेपेपेक्षा खालीच पडली पाहिजे.

मुक्काम

मी ग्रंथालयात वाचलेलं प्रमेय याच काळातलं. स्टीफन मॉर्स आणि त्यांचा विद्यार्थी जुआंव हेस्पान्या यांचं. त्यांचा प्रश्न असा: चाली सगळ्या स्थिर आहेत, पण उड्यांचा क्रम माझ्या हातात नाही. लाइट कधी जाईल हे अण्णांच्या हातात नव्हतं तसं. मग मी खात्रीनं काय करू शकतो?

उत्तर: मुक्काम. एका चालीवर आलात की किमान काही काळ तिथेच थांबा. याला ते ड्वेल टाइम म्हणतात. प्रत्येक उडीनं थोडी खळबळ माजते. ती चाल मुळात स्थिर असल्यानं खळबळ आपोआप विरते, पण विरायला वेळ लागतो. विरण्याआधी दुसरी उडी मारली की खळबळीवर खळबळ चढते. पुरेसा मुक्काम केलात तर क्रम कुठलाही असो, यंत्रणा सावरते. १९९९ मध्ये त्या दोघांनी यात आणखी माणुसकी आणली. दर वेळी थांबलंच पाहिजे असं नाही. कधी नाइलाजानं चार उड्या झटपट माराव्या लागल्या तर माराव्या. फक्त सरासरी सांभाळावी, पुढे जास्त थांबून ती उधारी फेडावी.

फ्रीजरच्या कॉम्प्रेसरचंही तसंच असतं. तो बंद पडतो तेव्हा एका बाजूला गॅसचा दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. बारीक नळीतून गॅस झिरपून दोन्हीकडचा दाब समान व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी वीज दिली तर मोटर त्या दाबाविरुद्ध फिरू शकत नाही, जागच्या जागी अडकते, भरमसाट करंट ओढते, तापते. संरक्षक स्विच तिला तोडतो. लाइट पुन्हा येते, पुन्हा तेच. ‘हंऽऽ’. ज्यानं तीन मिनिटांचं सर्किट बनवलं त्याला ते प्रमेय ठाऊक असण्याची गरज नव्हती. आमच्या वायरमनलाही नव्हती. दोघांना कॉम्प्रेसर ठाऊक होता.

या दशकातली आणखी एक आठवण मला जवळची वाटते, कारण तिच्या मुळाशी मुंबई आहे. प्रवीण वरैया मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकले, मग बर्कलीला गेले आणि तिथेच प्राध्यापक झाले. १९९३ मध्ये त्यांनी शहाण्या रस्त्यांवरच्या शहाण्या गाड्यांबद्दल एक निबंध लिहिला. गाड्यांचे ताफे करायचे, ताफ्यात गाड्या एकमेकींना खेटून धावणार. त्यासाठी चाली मोजक्याच: ताफ्यात सामील होणं, ताफा तोडणं, लेन बदलणं. त्या आराखड्यात एक पथ्य होतं. ताफ्याच्या म्होरक्यानं एका वेळी एकच चाल हातात घ्यायची. ती पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला नकार. १९९७ च्या ऑगस्टमध्ये सॅन डिएगोजवळच्या महामार्गावर आठ ब्युइक गाड्या एकमेकींपासून अवघ्या ६.५ मीटर अंतरावर, आपोआप, ताफ्यानं धावल्या. लोकांना वेग दिसला. मला त्यात तो नकार दिसतो.

मग सर्वोत्तम उड्यांचा तो दुसरा प्रश्न सुटला का? काही ठिकाणी. एक्तोर सुसमान यांनी १९९९ मध्ये पॉन्त्र्यागिनचं तत्त्व हायब्रिड यंत्रणांसाठी पुन्हा मांडलं. चालींचा क्रम आधीच ठरलेला असेल तर उड्यांच्या नेमक्या वेळा काढायच्या बऱ्या पद्धती आता आहेत. पण क्रमही शोधायचा असेल तर आकडे अंगावर येतात. दोनच चाली आणि तीस निर्णय म्हटलं तरी १०७ कोटींहून जास्त वाटा.

त्याहून मोठा धक्का २००० साली बसला. ब्लॉंडेल आणि त्सित्सिक्लिस यांनी सिद्ध केलं की आपल्या खिशांसारखे दोन नियम दिले असता, ते कुठल्याही क्रमानं लावले तरी रक्कम आवाक्यात राहील का, हे प्रत्येक वेळी बिनचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. कॉम्प्युटर कितीही मोठा आणा. म्हणजे इथे गुरुकिल्ली नाही. प्रत्येक यंत्राला जाऊन त्याचं त्याचं दुखणं विचारावं लागतं.

टेप

ते प्रमेय वाचलं त्या रात्री मी अण्णांना फोन केला नाही. खोटं कशाला बोलू, त्यानंतर सहा वर्षं केला नाही. गेल्या दिवाळीत घरी होतो. दुकानात आता नवा फ्रीजर आहे, त्याच्या पोटातच सगळं सर्किट. जुना अँगल मात्र भिंतीत तसाच, त्यावर लक्ष्मीचा फोटो. मी अण्णांना म्हणालो, “तो स्विच मी सरकवला होता.”

मला वाटलं होतं ते हसतील. इतकी वर्षं झाली, मुलगा इंजिनिअर झाला. ते हसले नाहीत. बराच वेळ काउंटर पुसत राहिले. मग म्हणाले, “मी त्याचे साडेतीनशे रुपये ठेवून घेतले होते.” थोड्या वेळानं म्हणाले, “गावात चार ठिकाणी सांगितलं होतं मी, त्याच्याकडून काम करून घेऊ नका म्हणून.”

वायरमन कधीच गाव सोडून सुरतेला गेला. त्याच्या पुतण्याकडून आम्ही नंबर मिळवला. अण्णा म्हणाले, मी बोलतो. मी म्हणालो, नको, मी. फोन मी लावला. त्याला आमचं दुकान आठवत होतं, डबा आठवत होता, टेपसुद्धा. मी सगळं सांगितलं. पलीकडे शांतता. मी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

मग तो म्हणाला, “तीनवरच ठेवला होता मी.”

“हो,” मी म्हणालो. “तीनवरच होता.”